कमीत कमी नुकसान

मिरजेची ख्याती सतारीसाठी आहे, दवाखान्यांसाठी आहे आणि अपरात्री गाडी बदलायला लावणाऱ्या जंक्शनसाठी आहे. डोंगरासाठी मिरजेचं नाव कुणी घेत नाही, कारण गावाबाहेर पडलं की कृष्णाकाठची काळी सपाटी, तिच्यावर ऊस आणि उसाच्या पलीकडे पुन्हा ऊस. अशा गावातला वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा पहाटे हेल्मेट चढवून, जाड टायरची सायकल घेऊन बाहेर पडतो आणि माउंटन बाइक मॅरेथॉनची तयारी चाललीय असं सांगतो, तेव्हा चहाच्या गाड्यावरची मंडळी आधी सायकलीकडे बघतात, मग क्षितिजाकडे, आणि डोंगर कुठंच सापडत नाही म्हटल्यावर एकमेकांकडे. एखादा आपुलकीनं विचारतो, "काय मर्दा, पेट्रोल परवडंना व्हय?" शंका रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी घेतलेली आहे. लांब पल्ल्याची डोंगरी सायकल शर्यत वेगाची म्हणून जाहीर होते, बक्षीसही वेगालाच मिळतं. प्रत्यक्षात मात्र ती नुकसान आटोक्यात ठेवण्याची शर्यत असते. आणि ही एक विद्या अशी आहे की ती शिकायला मिरज, सांगली, साताऱ्याच्या माणसाला परगावी जावं लागत नाही. डोंगर नंतर बघता येईल.

आधी या खेळाचा जन्म बघू, कारण जन्मवेळेलाच त्याची पत्रिका मांडलेली आहे. कॅलिफोर्नियात मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या काही उनाड पोरांनी जुन्या, अवजड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटण्याची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी लावली. उतार चार-पाच मिनिटांचा. पण मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि प्रत्येक उताराला हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे मजा पाच मिनिटांची आणि हात काळे करण्याचा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत. या मंडळींतल्या चार्ली केलींनी सांगितलेली हकीकत अशी की पहिल्या शर्यतीत अ‍ॅलन बाँड्स पहिला आला, आणि त्याचं कारण म्हणजे बाकीचे पडले, हा पडला नाही. या खेळाचा पहिला विजेता असा न पडण्यामुळे ठरलेला आहे. पुढं खेळ मोठा झाला, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये गेला. त्याच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराला जागतिक सायकल संघटनेनं ६० ते १६० किलोमीटरची चौकट आखून दिली आणि २००३ पासून त्याची वेगळी जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. सायकली कार्बनच्या झाल्या, ब्रेक तेलावर चालू लागले. पण अ‍ॅलन बाँड्सचा मूळ सिद्धांत कुठल्याही कंपनीला अजून सुधारता आलेला नाही.

हा सिद्धांत भावनेचा नाही, सरळ हिशेबाचा आहे. समजा ८० किलोमीटरची शर्यत आहे आणि आपला पोरगा ताशी १६ किलोमीटरच्या सरासरीनं ती पाच तासांत संपवू शकतो. त्यानं वर्षभर घाम गाळून वेग तीन टक्क्यांनी वाढवला. हातात काय आलं? पावणेनऊ मिनिटं. तीन टक्के ही काही किरकोळ वाढ नाही. तिच्यासाठी पहाटेची झोप, संध्याकाळचा वडा, मित्रांच्या हळदी आणि एखादी होऊ घातलेली प्रेमकथा एवढ्यांचा बळी पडलेला असतो. आणि हीच पावणेनऊ मिनिटं एका पंक्चरमध्ये सहज जातात. ऊन डोक्यावर, हात थरथरताहेत, टायर रिममधून निघत नाही, निघाला तर परत बसत नाही, बसला तर पंप व्हॉल्व्हवर नीट बसत नाही, आणि शेजारून जाणारा प्रत्येक स्पर्धक "सगळं ठीक?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. बाहेरून मदत घ्यायची तर ती ठरवून दिलेल्या जागीच घेता येते. मधल्या माळावर पोरगा, सायकल आणि परमेश्वर एवढेच असतात, आणि त्यातल्या दोघांना पंक्चर काढता येत नाही. म्हणून जाणता स्पर्धक खडकाळ उतारावर ब्रेक दाबतो, मोठ्या दगडाला वळसा घालतो, फारच अवघड जागा आली तर खाली उतरून सायकल खांद्यावर घेतो आणि गुपचूप चालू लागतो. बघणाऱ्यांना तो भित्रा वाटतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला मात्र हे वागणं बघताक्षणी कळेल. अवकाळीच्या रात्री तोही घड किती वाढवायचे याचा विचार करत नाही, किती वाचवायचे याचा करतो. आणि सकाळी ज्याची अर्धी बाग वाचली तोच त्या वर्षीचा विजेता असतो.

नुकसानीचं सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत कर्तबगार साधन म्हणजे सराटा. पाणंदीच्या कडेला, बांधावर, माळावर पसरलेली ही नम्र वेल पिवळी गोजिरी फुलं दाखवते आणि खाली काट्यांचं भांडार उघडून बसते. फळ वाळलं की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे काटे अशा हुशारीनं बसवलेले असतात की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. सराटा मूळचा आपल्या बाजूच्या उष्ण मुलखांतला; तिथून तो अमेरिकेत पोचला आणि आज कॅलिफोर्नियातल्या सायकलस्वारांनाही छळतो. म्हणजे माउंटन बाइक त्यांनी आपल्याकडे पाठवली आणि सराटा इकडून तिकडे गेला. हा व्यापार बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही. यावर आता ट्यूबलेस टायर आले आहेत. आत दुधासारखं पांढरं द्रावण असतं, काट्यानं भोक पाडलं की ते भोकात जाऊन गोठतं. द्रावणाच्या बाटलीची किंमत ऐकून घरचे विचारतात की एवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात किती पंक्चर निघाली असती. उत्तर असं की खूप निघाली असती, पण ते दुकान पंचेचाळिसाव्या किलोमीटरला नसतं.

दुसरं नुकसान पोटातलं. शरीरातला साखरेचा साठा ढोबळमानानं २,००० कॅलरींचा. जोर लावला तर दोनेक तासांत त्याचा तळ दिसतो. शर्यत पाच तासांची. तळ दिसला की पाय जड होतात, पिंढऱ्यांत गोळे येतात, आणि कालपर्यंत घाटावर उड्या मारणारा गडी झाडाखाली बसून आपण हे का करतो या विषयावर चिंतन सुरू करतो. म्हणून क्रीडावैद्यक सांगतं की लांब शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जात राहिले पाहिजेत. यासाठी बाजारात जेल नावाचा पदार्थ मिळतो. चिमूटभर पाकीट, भरपूर पैसे, आणि चव अशी की आजारपणाची आठवण यावी. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. शंभर ग्रॅम बेदाण्यात पाऊणशे ग्रॅमच्या वर पिष्ट आणि साखर असते, म्हणजे मूठ-दोन मुठीत तासाची सोय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात धावपटूंना एकदा बेदाणे, एकदा खेळाडूंसाठीच्या चघळायच्या गोळ्या आणि एकदा नुसतं पाणी दिलं. बेदाणे आणि गोळ्या यांच्यात फरक पडला नाही, पाणी मात्र दोघांच्या मागं राहिलं. ज्या तासगाव-सांगलीत बेदाण्याचे सौदे होतात, जिथल्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तिथला पोरगा परदेशी जेल मागवतो हे पाहून कुठल्याही अडत्याला वाईट वाटावं. भडंगाबद्दल मात्र सावध राहावं. ती सांगलीची शान आहे यात वाद नाही, पण कोरड पडलेल्या घशानं, चढावर, धापा टाकत भडंग खाणं हा स्वतंत्र साहसी क्रीडाप्रकार आहे आणि त्याची अजून जागतिक संघटना झालेली नाही.

जगानं तर या नुकसानीला नियमांतच बसवलंय. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून केप एपिक नावाची आठ दिवसांची शर्यत होते. ती जोडीनं पळायची, आणि जोडीदारांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं की वेळेचा दंड. म्हणजे पुढं गेलेल्यानं थांबायचं, मागं राहिलेल्यानं लाजायचं, आणि दोघांनी आठ दिवस एकमेकांना काही बोलायचं नाही. आपल्याकडे या प्रकाराचा सराव बोहल्यावरून उतरल्यापासून सुरू होतो, फरक एवढाच की तिथं आठव्या दिवशी पदक देऊन सोडतात. नॉर्वेत तर त्याहून गंमत. तिथल्या बिर्केबाइनर शर्यतीची परंपरा अशी की प्रत्येकानं पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेऊन सायकल चालवायची. कारण १२०६ साली दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्र हाकोनला घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले होते. राजपुत्राच्या स्मरणार्थ साडेतीन किलो! आमच्या आरग-बेडगच्या बाजूनं एक पिढीमागं जो दूधवाला सायकलला दोन्हीकडे वीस-वीस लिटरच्या किटल्या अडकवून, खडी उखडलेल्या रस्त्यानं, उलट्या वाऱ्यात मिरजेला यायचा, त्याच्या सायकलीवर चाळीस किलोंवर ओझं असायचं. त्याच्या कॅरिअरवर एकही राजपुत्र नव्हता, म्हणून त्याची कुणी शर्यत भरवली नाही. पण दूध न सांडता, न नासवता आणणं हाच त्याचा रोजचा निकाल होता, आणि तो गिऱ्हाईक दारातच लावायचं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप चहाच्या गाड्यावरचा: मिरजेत डोंगर कुठं आहे? एक तर आहे. पंढरपूरच्या रस्त्याला भोश्याजवळ दंडोबाचा डोंगर आहे, त्यावर महादेवाचं कोरीव लेणं आहे आणि वनखात्याचं राखीव जंगल आहे. डोंगर लहान आहे हे मान्य. पण या खेळात शिखराची उंची मोजत नाहीत, दिवसभरात चढलेल्या मीटरांची बेरीज मोजतात. शंभर मीटरचा चढ वीसदा चढला की दोन हजार मीटर होतात, आणि पायांना दोन्हींतला फरक कळत नाही. फरक कळतो तो फक्त तीच बाभळ विसाव्यांदा बघून कंटाळलेल्या डोळ्यांना. याचं टोक असं की एकाच टेकडीवर वर-खाली करून एव्हरेस्टएवढी उंची पुरी करण्याचा उद्योगही जगात चालतो, आणि त्याची सुरुवात १९९४ साली ऑस्ट्रेलियात एव्हरेस्टच्या मोहिमांवर गेलेल्या गिर्यारोहक मॅलरींच्या नातवानं केली. खऱ्या घाटाची हौस असेल तर शेजारी सातारा आहे: यवतेश्वर, कास, पसरणी. पळणाऱ्यांनी त्याचा फायदा केव्हाच उठवलाय. यवतेश्वरच्या घाटातली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून गाजतेय. राहता राहिला रस्ता. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली तेव्हा मार्गावरचे रस्ते गुळगुळीत करावे लागले, कारण रस्त्यावरच्या सायकलीला खड्डा चालत नाही. माउंटन बाइकचं तसं नाही. पाणंद, कालव्याकडेची मुरमाड वाट, ठेकेदार अर्धवट सोडून गेलेला रस्ता, सगळं चालतं. बांधकाम खातं ज्याची निराशा करूच शकत नाही असा हा एकमेव खेळाडू आहे. शिवाय सरावाला फुकटची साधनं: वेग वाढवायला मळ्यातली कुत्री, तोल शिकायला उसाच्या डबल ट्रॉलीच्या बाजूची वीतभर जागा, आणि चिकाटी शिकायला गावकऱ्यांचं अंतर सांगणं. "पुढचं गाव किती लांब?" "ह्ये काय, आलंच की!" या उत्तरानंतर गाव सहा किलोमीटरवर असतं. ज्यानं दहा वेळा हे उत्तर पचवलं, त्याला शर्यतीतले किलोमीटरचे फलक डळमळीत करू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो थट्टेवारी नेता येणार नाही. दूधवाल्यानं ते ओझं हौसेनं उचललं नव्हतं. त्याच्या कष्टाला खेळाच्या शेजारी बसवणं हा त्याचा अपमान नाही का? दोन्ही गोष्टी एकच म्हटल्या तर नक्कीच आहे. स्पर्धक प्रवेश शुल्क भरून त्रास घेतो, आणि नको झालं तर झेंडेवाल्याला नंबर परत देऊन जीपमध्ये बसू शकतो. दूधवाल्याला जीप नव्हती. त्यानं मध्येच सोडलं असतं तर दूध नासलं असतं आणि आठवड्याचं गणितही. पण नेमक्या याच फरकात खेळाची किंमत आहे. नुकसान स्वस्त असताना त्याची तालीम करून घेणं, हा खेळाचा मोठा उपयोग. पाणी किती उरलंय, पायात किती उरलंय, पुढचा चढ किती आहे, आणि या तिन्हींचा मेळ बसत नसेल तर काय सोडायचं, हा निर्णय भर उन्हात, एकट्यानं, विसाव्या वर्षी घ्यायला शिकणं सोपं नाही. आपल्याकडे या वयाची हजारो पोरं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसलेली आहेत. ती शर्यतही मॅरेथॉनचीच, पण तिथं किलोमीटरचे फलक नाहीत, मध्ये पाण्याचं टेबल नाही, आणि आता थांबलास तरी चालेल असं सांगणारा झेंडेवालाही नाही. त्या मानानं माळावरची शर्यत दयाळू आहे. ती पाच तासांत खरं काय ते सांगून टाकते.

तिसरा आक्षेप घरचा, आणि तो पैशाचा आहे. शर्यतीच्या लायकीची सायकल लाखाच्या घरात जाते. तेवढ्यात म्हैस येते, आणि म्हैस निदान दूध तरी देते. इथं खेळाच्या बाजूनं खोटं बोलण्यात अर्थ नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि लष्कर सायकलपटू घेतात. पण ऑलिंपिकमध्ये आहे ती छोट्या फेऱ्यांची क्रॉस-कंट्री, मॅरेथॉन नाही. ज्याला या रस्त्यानं नाव करायचं त्यानं संगमनेरच्या प्रणिता सोमणचा मार्ग बघावा. तिनं माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. निव्वळ लांब पल्ल्यावर पोट भरत नाही. महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या सायकलवीरांची यादीच बघा. सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका २०१५ साली जोडीनं पुरी करणारे नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टर. २०१७ साली ती एकट्यानं पुरी करणारे श्रीनिवास गोकुळनाथ लष्करातले डॉक्टर, आणि त्याच वर्षी ती एकट्यानंच पुरी करणारे नागपूरचे अमित समर्थ हेही डॉक्टर. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, या छंदाला आधी भक्कम उत्पन्न लागतं. दोन, इतक्या सायकलवीर डॉक्टरांत दवाखान्यांच्या मिरजेचं नाव नसावं, हे मिरजेतल्या वैद्यकीय व्यवसायाला शोभत नाही. म्हशीपुरतं बोलायचं तर तुलना बरोबरच आहे, सायकल दूध देत नाही. पण म्हैस भाकड निघते, आजारी पडते, चारा महाग झाला की घर खाते. सायकलचं तसं नाही. तिचा तोटा पहिल्या दिवसापासून माहीत असतो आणि तो वाढत नाही, चेन आणि टायर सोडले तर.

शेवटचा आक्षेप खुद्द तरुण स्पर्धकांचा. ते म्हणतील की नुकसान कमी करा हे हरणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आहे. जिंकणारा सावरत बसत नाही, तो सुटतो. सुटतो हे खरं, पण कुठं सुटायचं हे त्याला ठाऊक असतं. मॅरेथॉनच्या सुरुवातीचे दोन किलोमीटर बघावेत. शंभरेक सायकली एकदम निघतात, धुळीचा लोट उठतो, पाणंदीच्या तोंडाला सगळ्यांना एकदमच पहिलं व्हायचं असतं, आणि या घाईत जो सगळ्यांच्या पुढं धावतो तो चाळिसाव्या किलोमीटरला बहुधा सावलीत भेटतो. जिंकणाऱ्याकडे ताकद जास्त असते यात शंकाच नाही. पण तेवढीच ताकद असलेले आणखी चार-पाच जण त्याच रांगेत उभे असतात, आणि त्यांच्यात निकाल लावतो तो वाया न गेलेला श्वास, न फुटलेला टायर आणि वेळेवर खाल्लेला बेदाणा. ताकद माणसाला रांगेत पुढं उभं करते. तिथून पुढं शिल्लक मोजली जाते. हे पटत नसेल तर अ‍ॅलन बाँड्सला स्मरावं.

म्हणून घरच्यांना एक सूचना आहे. पोरगा किंवा पोरगी शर्यतीहून परतली की उंबऱ्यातच "कितवा आलास?" असं विचारू नये. त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर फक्त एकाच्या घरी असतं, बाकी सगळ्यांच्या घरी जेवण निवतं. आधी विचारावं की किती पंक्चर झाली, गोळे कुठल्या चढावर आले, बाटलीत पाणी किती उरलं, गुडघा किती सोलला. पंक्चर शून्य, गोळे नाहीत, दोन घोट उरले, थोडंसं सोललं, असा जबाब मिळाला तर समजावं की काम फत्ते झालंय. मग हवा तर नंबर विचारावा, आणि तो सत्तेचाळिसावा निघाला तरी पेढे आणावेत. तेवढ्यासाठी पेढे महाग वाटले तर शेंगदाण्याचे लाडू आणा. फक्त बेदाणे नकोत. सकाळपासून तेवढंच पोटात आहे.